काइटसर्फिंग शिकून आलोय, आता मुंबईत राहून पुढे काय? निवांत की स्पीड?

बोरिवलीकर_३९

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, थोडं लांबेल.

जानेवारीत सहा दिवस सुट्टी टाकून रामेश्वरमला गेलो आणि काइटसर्फिंगचा, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने फळीवर उभं राहून पाण्यावरून जायचं त्याचा, बेसिक कोर्स करून आलो. आलो खरा पण मन तिथेच राहिलंय. वय ३९, वजन ८२, पोहता चांगलं येतं, आणि पतंगाचा नाद लहानपणापासून, म्हणजे संक्रांतीला सकाळी सहाला गच्चीवर चढायचं ते आई खालून हाका मारून थकेपर्यंत उतरायचं नाही. पहिले दोन दिवस तर बोर्डला हात पण लावू दिला नाही, आधी वाळूवर छोटा काइट, मग कंबरभर पाण्यात बोर्डशिवाय नुसतं काइटच्या ओढीवर अंग घसपटत न्यायचं, बॉडी ड्रॅग म्हणतात त्याला. नाकातोंडात खारं पाणी, पण मजा.

चौथ्या दिवशी दुपारी ते झालं. काइट डोक्यावर, आकाश म्हणजे घड्याळाची तबकडी धरली तर बाराच्या जागी, पाठीवर तरंगतोय, दोन्ही पाय बोर्डात, सर म्हणाले आता दोनकडे सोड. सोडला, आणि कमरेच्या हुकाला अशी ओढ बसली की मी उभा. बोर्डखालून पाणी चर्रर्र करत एकसारखं, कापडाच्या दुकानात थान टरकावतात ना अगदी तसा आवाज. साठ-सत्तर मीटर गेलो असेन आणि पडलो, वर आलो तेव्हा मोठमोठ्याने हसत होतो, एकटाच, पाण्यात.

आता प्रश्न. मुंबईत राहून हे चालू ठेवता येईल का? गोराई मला जेट्टीवरून बोटीने पंधरा मिनिटांवर आहे, जुहू ऑफिसपासून जवळ आहे, तिथे जमेल का? सामान घ्यायचं तर काय आणि किती मोठा काइट? आणि आमच्या बॅचमध्ये दोन तट होते, एक मुलगा घड्याळात जीपीएस लावून फक्त वेगाचे नॉट मोजायचा, आणि एक नवरा-बायको होते ते तासन्‌तास नुसते या टोकाहून त्या टोकाला जायचे, ना उडी ना काही, पण बाहेर आले की चेहरे बघण्यासारखे असायचे. मला दोन्ही बघून हेवा वाटला. कुठल्या बाजूने जावं? घरी बायकोला काळजी वाटतेय, तिलाही हा धागा वाचायला देणार आहे, तेव्हा धोक्याचं पण स्पष्ट लिहा.

खारा_वारा

अरे सगळ्यात आधी अभिनंदन! तुझं ते हसणं वाचून मला माझा पहिला दिवस आठवला. मी पार्ल्याची, ५४ पूर्ण, आठ वर्षं काइट करतेय आणि निवांतवाल्यांतली आहे, तेव्हा माझं उत्तर त्या बाजूचं असणार हे धरून चाल.

आधी तुझा पतंग. तो फुकट गेलेला नाही. नवीन माणूस कुठे चुकतो सांगू? घाबरला की बार, म्हणजे काइट धरायची आडवी दांडी, घट्ट धरतो आणि छातीकडे ओढतो, आणि बार ओढला की काइटची ताकद वाढते, मग तो अजून घाबरतो आणि अजून ओढतो. सोडला की ताकद जाते. एवढं साधं आहे पण हाताला पटायला लोकांना आठवडे लागतात. तुला ढील म्हणजे काय ते शिकवावं लागणार नाही. गच्चीवर झटका आला की बोटं आपोआप सैल व्हायची ना, तेच इथे. फक्त एक फरक आहे, इथे दोऱ्याला कधीही हात लावायचा नाही. वीस-बावीस मीटर लांब, जेमतेम दोन मिलिमीटरच्या लाईन्स असतात आणि त्यावर अख्ख्या माणसाची ओढ असते, मांजाने कापतं त्याहून वाईट कापतं.

आता वारा. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे घोकलेत ना, आपलं अख्खं गणित तेवढंच आहे. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते, तिची जागा घ्यायला समुद्रावरून हवा येते. मार्च ते मे आपल्याकडे बारा-साडेबाराला झुळूक सुरू होते, दोननंतर जोर धरते, सूर्य कलला की पडते. आणि गंमत बघ, आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे आणि हा वारा येतो वायव्येकडून, म्हणजे समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं तर उजव्या खांद्यावर तिरका लागतो. काइटला नेमका हाच वारा हवा असतो. सरळ समोरून आला तर तुला वाळूवर आपटतो, आणि पाठीमागून जमिनीवरून आला तर तुला आत समुद्रात घेऊन जातो. म्हणून पहाटेच्या मतलई वाऱ्यात कितीही छान वाटलं तरी पाण्यात उतरायचं नाही, वहिनींना हे वाक्य दोनदा वाचायला दे.

जुहूचं मनातूनच काढून टाक. बाजूलाच विमानतळ आहे, हेलिकॉप्टरं सारखी ये-जा करतात, आणि किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते. शिवाय मुंबई पोलिसांचे ड्रोन, पॅराग्लायडर असलं काही उडवण्यावर बंदीचे आदेश अधूनमधून निघत असतात, त्यामुळे शहराच्या हद्दीत कुठेही करायचं असेल तर आधी पोलीस ठाण्यात जाऊन विचारायचं, गोराईला सुद्धा. अक्साला तर नुसतं पोहायला पण नको, तिथल्या ओढीने किती जीव गेलेत ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. मी स्वतः अलिबागच्या बाजूला जाते. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोत गाडी टाकायची, तासाभरात मांडवा, पुढे आक्षी. मधल्या वारी जायचं, तिथल्या लोकांना आधी भेटायचं, विचारायचं. मी पहिल्या वर्षी चार वेळा नुसती जाऊन बसले होते वारा बघत, मगच काइट उघडला.

एक मंगळवार सांगते. मार्चचा शेवट, दुपारचे तीन, तेरा नॉट वारा, माझा नऊ चौरस मीटरचा काइट (माझं वजन ५६). मागे सुरूचं बन, ओली वाळू आरशासारखी, कुरव पक्ष्यांचा थवा पाण्याच्या कडेला. काइट दहाच्या जागी नेऊन ठेवला आणि तो तिथेच राहिला, दोन बोटं बारवर, बाकी सगळं वजन हार्नेसवर, म्हणजे कमरेच्या पट्ट्यावर, टाकून मागे रेललेय, खुर्चीत बसल्यासारखी. या टोकाला जा, वळ, त्या टोकाला जा. दीड तास. एकही उडी नाही. त्या वर्षी आई खूप आजारी होती, मी दोन वर्षं तिचं सगळं करत होते, रात्री झोप लागायची नाही. त्या दीड तासात मला फक्त वारा कुठून येतोय एवढंच बघायचं होतं, दुसरं काही डोक्यात मावतच नाही कारण मावलं की काइट पडतो. घरी येऊन तिच्या शेजारी बसले तर ती म्हणाली, केसांना समुद्राचा वास येतोय गं. मी तेव्हा काही बोलले नाही. पण त्यानंतर ती दर वेळी विचारायची, आज वारा कसा होता.

काइटच्या साइजचं उत्तर: वजन भागिले वारा गुणिले २.२, साधारण अंदाज. तू ८२, वारा १४ धर, तर तेरा चौरस मीटरच्या आसपास येतं. मुंबईच्या वाऱ्याला तुला बाराचा काइट आणि थोडा मोठा बोर्ड पुरे. नवीन अख्खा सेट लाखांत जातो, वापरलेला घे, पण घ्यायच्या आधी फुगवून रात्रभर ठेव, सकाळी पुढची नळी मऊ पडली असेल तर आत गळती आहे. कापड हातात चुरगाळून बघ, नव्या नोटेसारखं वाजलं पाहिजे. आणि लाईन्स एकत्र धरून सारख्या लांबीच्या आहेत का बघ, ताणून कमीजास्त झालेल्या असल्या तर काइट एका बाजूला ओढत राहतो.

वेसाव्याचा_नाखवा

बोरिवलीकर भाऊ, मी काइट करत नाही, माझा पुतण्या करतो. मी होडीवाला, वेसावे कोळीवाडा. ताईंनी वाऱ्याचं बरोबर सांगितलं पण पाण्याचं राहिलं. वारा दिसतो, झाडं हलतात, फेस फुटतो. पाण्याची ओढ दिसत नाही.

आमच्याकडे जुना हिशोब आहे. तिथीला पाऊणपट करायचं, येईल त्या तासाला भरती पूर्ण. म्हणजे चतुर्थी, चार पाऊण तीन, तीन वाजता भरती. अष्टमी, आठ पाऊण सहा, सकाळी पण सहा, संध्याकाळी पण सहा. एकादशीला सव्वाआठ. थोडं इकडेतिकडे होतं पण माणूस फसत नाही. त्यानंतर सहा तास सुकती, म्हणजे ओहोटी.

आता तुम्ही लोक जाणार दुपारी दोन ते पाच, कारण वारा तेव्हा. मग बघा. पुनवेला आणि अवसेला भरती बाराच्या सुमाराला, म्हणजे तुम्ही पाण्यात असता तेव्हा पूर्ण वेळ सुकती चालू, आणि ते उधाणाचं पाणी, मुंबईला चार-साडेचार मीटर चढलेलं असतं, ते सगळं परत जाताना खाडीच्या तोंडाला काय ओढतं ते आमच्या इंजिनच्या होडीला पण कळतं. त्या दिवशी तुमच्या काइटचा वारा पडला तर पाणी तुम्हाला घेऊन जाणार. आणि अष्टमीच्या आसपास उलटं. बारा वाजता पाणी खाली, किनारा मोठा मोकळा, भांगाचं पाणी म्हणजे ओढ कमी, आणि दोन ते पाच पाणी चढत असतं, म्हणजे काही झालं तरी तुम्हाला किनाऱ्याकडे ढकलणार. सप्तमी ते दशमी, महिन्यातून दोनदा येते. पुतण्या त्याच दिवसात जातो, मी बाकीच्या दिवशी त्याला काइट फुगवायचा पंप देत नाही, पंप माझ्या घरात असतो.

अजून दोन गोष्टी. खाडीच्या तोंडापासून लांब राहा, गोराई असो मनोरी असो आक्षी असो. आणि जिथे काठ्या रोवलेल्या दिसतील, बोया दिसतील, तिथे जाळी आहेत, तिथून काइट न्यायचा नाही. जाळं फाटलं तर आमचं नुकसान, पण त्या लाईनी जाळ्यात अडकल्या तर तुमचा जीव. किनाऱ्यावर कोणी जाळी विणत बसलेला दिसला तर त्याला विचारा, दर्या आज कसा आहे. तो सांगेल. आम्हाला सांगायला आवडतं.

जूनपासून नारळी पुनवेपर्यंत आम्ही जात नाही, तुम्ही पण जाऊ नका.

नॉट_मोजणारा

काका, हे तिथीचं मी आजच पहिल्यांदा ऐकलं, सहा वर्षं अ‍ॅप बघून जातोय. लगेच कॅलेंडर काढून चार तारखा ताडून बघितल्या, वीस-पंचवीस मिनिटांच्या फरकाने बरोबर आल्या!

बोरिवलीकर, मी तुझ्या बॅचमधल्या घड्याळवाल्याच्या जातीचा. ठाणे, ३१. माझा बेस्ट ३१ नॉट, म्हणजे ताशी ५७ किलोमीटर, तुतिकोरिनला झाला. घोडबंदर रोडवर ५७ काहीच वाटत नाही, पण तिथे पाण्यापासून गुडघाभर अंतरावर, डोळ्यात खारे शिंतोडे, आणि टाचांखाली बोर्डची कड जेमतेम पाण्यात रुतलेली, ती कड सुटली की तू गेलास. सगळं अंग त्या एका कडेवर. दहा-बारा सेकंद टिकतं ते, कधी पंधरा. मी अजून दुसऱ्या कुठल्याही गोष्टीत इतका जागा झालेलो नाही.

लोकांना वाटतं स्पीड म्हणजे जोर. तसं नाहीये. सपाट पाणी लागतं, लाट नको, आणि वारा एकसारखा. लुडेरिट्झ म्हणून नामिबियात एक ठिकाण आहे, वाळवंटाचा वारा, तिथे लोकांनी खास स्पीडसाठी पाण्याचा लांब चर खणला. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये लुडेरिट्झला सेबास्टियन कॅटलान नावाच्या फ्रेंच माणसाने ५०० मीटरची सरासरी ५०.२६ नॉट काढली. पाण्यावर नुसत्या वाऱ्याच्या जोरावर कोणीही ५० नॉट ओलांडायची ती पहिलीच वेळ, म्हणजे मोठमोठ्या शिडाच्या बोटींच्या आधी हे एका काइटवाल्याने केलं. २०१७ ला अ‍ॅलेक्स कॅझर्गने ५७.९७ केली, ताशी १०७ किलोमीटर. एक कापडाचा काइट आणि पायाखाली एक फळी, बस. आणि ही फुगवायची काइट आली कुठून, तर ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या दोन भावांनी १९८४ मध्ये तिचं पेटंट मागितलं, कारण त्यांना पाण्यात पडला तरी पुन्हा उडवता येणारा काइट हवा होता. आपण पडल्यावर तो परत उठतो ना, तो त्यांच्यामुळे.

आणि २०२४ च्या ऑलिम्पिकला हा खेळ पहिल्यांदा आला, फॉइलवर, म्हणजे बोर्डखाली पंख असतो आणि बोर्ड पाण्याच्या वर उचललेला. सिंगापूरच्या मॅक्स मेडरने ब्राँझ घेतलं, १७ वर्षांचा मुलगा. फ्रान्समधल्या मार्से शहरात तेव्हा वारा पडल्यामुळे शर्यती पुढे ढकलाव्या लागल्या होत्या. जगातले सगळ्यात वेगवान काइटवाले किनाऱ्यावर बसून वाऱ्याची वाट बघतायत, हे बघताना मला फार आपलेपणा वाटला, कारण आम्ही पण तेच करतो, चार तास बसायचं आणि पंधरा सेकंद पळायचं.

आता धोक्याचं, वहिनींसाठी. वारा दुप्पट झाला की ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. बारा नॉटचे चोवीस झाले की चौपट. मला हे माहीत होतं, पाठ होतं, तरी तीन वर्षांपूर्वी बाराचा काइट लावलेला असताना वारा बावीसवर गेला आणि मी म्हटलं अजून एकच रन करू. उतरताना झोत आला आणि मला वाळूवरून तीसेक मीटर फरपटत नेलं. क्विक रिलीज छातीवरच होता, एक धक्का दिला असता तर काइट मेला असता, पण हात तिथे गेलाच नाही कारण मी त्याचा सराव कधी केलाच नव्हता. खांदा निखळला, सहा आठवडे हात गळ्यात. आता प्रत्येक सेशनच्या आधी डोळे मिटून तीन वेळा हात तिथे नेतो. तू पण कर, घरी सोफ्यावर बसून हार्नेस घालून कर.

आणि मे महिन्यात आभाळ काळं दिसलं की काइट खाली, गप्पा नंतर. १३ मे २०२४ ला मुंबईत धुळीचं वादळ आलं होतं ते आठवतं ना, दुपारी बघता बघता अंधारलं, घाटकोपरला होर्डिंग पडलं. वळवाच्या ढगापुढचा झोत तसाच येतो, पाच मिनिटं पण देत नाही.

माझं मत विचारशील तर पहिल्या दिवसापासून घड्याळ लाव. आकडा दिसला की माणूस लवकर शिकतो.

खारा_वारा

घड्याळाचं मला नाही पटत रे. बाकी सगळं लाख बोललास, खांद्याचं इतकं मोकळेपणाने लिहिलंस त्याबद्दल तर खास आभार. पण ज्याला अजून अपविंड जाता येत नाही, म्हणजे जिथून निघाला तिथेच परत येता येत नाही, त्याने आकडा बघितला की तो काइट खाली खाली नेत वाऱ्याच्या दिशेनेच पळणार, कारण तिकडे स्पीड जास्त दिसतो, आणि मग किनाऱ्यावरून दीड किलोमीटर बोर्ड काखेत घेऊन चालत परत. मी हे पाच-सहा जणांचं बघितलंय. आधी परत यायला शिकायचं. त्याला हळू जावं लागतं, कड दाबून, वाऱ्याला तिरकं, धीराने. आणि गंमत म्हणजे तीच कड पुढे तुझ्या ३१ नॉटला लागते ना?

नॉट_मोजणारा

लागते. बरोबर आहे ताई. मी पहिले आठ महिने चालतच परत यायचो. घड्याळाचं मागे घेतो. बोरिवलीकर, आधी परत यायला शीक.

बोरिवलीकर_३९

मंडळी, काय बोलू, एवढं भरभरून लिहाल असं वाटलं नव्हतं. बायकोने अख्खा धागा वाचला, दोनदा. खांद्याच्या गोष्टीला थांबली, आणि आईच्या केसांच्या गोष्टीला पण थांबली. मग म्हणाली, पहिल्या वेळी मी पण येणार, किनाऱ्यावर बसून बघणार.

तर असं ठरवलंय. जुहू बाद, गोराई पण सध्या बाद. काइट लगेच घेत नाही, पुढच्या महिन्यात तीन दिवस परत रामेश्वरमला जाऊन फक्त अपविंड आणि क्विक रिलीज एवढंच करणार, सरांना फोन केला, ते म्हणाले ये. हार्नेस मात्र आजच मागवला, सोफ्यावर सराव सुरू. पण त्याआधी आक्षीला नुसतं वारा बघायला जाणार, मधल्या वारी.

नाखवा काका, कॅलेंडरमध्ये बघितलं, पुढची अष्टमी बुधवारी आहे. ऑफिसात सुट्टीचा अर्ज टाकला. बरोबर ना?

वेसाव्याचा_नाखवा

बरोबर. बारा वाजता पोचा, पाणी पूर्ण खाली असेल, वाळूत खड्डे कुठे आहेत, खडक कुठे आहेत ते सगळं उघडं दिसेल. चालून बघून घ्या, पाणी चढल्यावर ते दिसत नाहीत. वहिनींना टोपी आणि पाणी घ्यायला सांगा, ऊन फार असतं. त्या आठवड्यात पुतण्या पण तिकडे असेल, पंप त्याच्याकडे देऊन ठेवतो, तुमचा काइट आला की छुट्टी द्यायला तो येईल.